कपाटाची किल्ली

१९८६ च्या पावसाळ्यात मी घाटकोपर पश्चिमेच्या एका नर्सिंग होममध्ये नोकरीला लागले. राहत्या इमारतीचा पहिला मजला, बारा खाटा, एक लेबर रूम आणि मागच्या खोलीत ऑपरेशन थिएटर. रुजू होताना मालक-डॉक्टरांनी माझं नर्सिंगचं मूळ प्रमाणपत्र आणि परिचर्या परिषदेचं नोंदणीपत्र मागून घेतलं आणि लोखंडी कपाटात ठेवलं. दोन वर्षांच्या बाँडवर सही झाली. आधी सोडलं तर तीन महिन्यांचा पगार भरायचा, नाहीतर कागद मिळणार नाहीत. मी बावीस वर्षांची होते. सगळीकडे असंच असतं, असं बरोबरीच्या मुलींनी सांगितलं आणि ते खरंही होतं.

रुग्णांचे केस पेपरही त्याच कपाटात असत.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक बाई सिझेरियनसाठी दाखल झाली. नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात बदली कामगार होता. टाके काढले, बाळ-बाळंतीण ठणठणीत होती, पण बिलात अकराशे रुपये कमी पडले. डॉक्टर मला म्हणाले, “पैसे येईपर्यंत सोडायचं नाही. सिस्टर, तुम्ही बघा.” मी बघितलं. म्हणजे तीन दिवस त्या बाईला दाराबाहेर पडू दिलं नाही. तिच्या खाटेचं भाडं रोज बिलात चढत होतं. तिसऱ्या संध्याकाळी तिचा दीर आला, आरडाओरडा झाला, आणि त्याने मावशींना ढकललं. मावशींचं मनगट दाराच्या कडीवर आपटून सुजलं. माझ्या अंगावर कुणी आलं नाही, कारण मी पांढऱ्या कपड्यांत होते. रात्री कारखान्यातल्या लोकांनी भिशीचे पैसे आणून दिले आणि बाई घरी गेली. मावशी दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून कामावर आल्या. त्यांना पगारी रजा नव्हती.

पुढे मी महापालिकेच्या सेवेत गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आता बोरिवलीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर शनिवारी बसते. लोक हॉस्पिटलची बिलं, फाइली, विम्याची पत्रं घेऊन येतात. त्यांना उत्तरं देता यावीत म्हणून कायदे वाचायला लागले, आणि वाचता वाचता ते तीन दिवस पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आले. त्या बाईला अडवण्याचा अधिकार डॉक्टरांना नव्हता. माझी प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचाही नव्हता. मावशींवर हात उगारण्याचा अधिकार तर कुणालाच नव्हता. तिघींचे हक्क आज तीन वेगवेगळ्या कायद्यांत सापडतात आणि त्यांवर बोलणारी माणसंही वेगवेगळी असतात. वॉर्डात मात्र ते एकाच दारात उभे असतात. रुग्णाचा कुठलाही हक्क अमलात यायचा तर तो शेवटी एखाद्या सिस्टरच्या, रिसेप्शनवरच्या मुलीच्या किंवा निवासी डॉक्टरच्या हातून येतो. त्या हातालाच संरक्षण नसेल तर भिंतीवरची सनद भिंतीवरच राहते.

सुरुवात जुन्या कायद्यापासून करते. मुंबईतली खासगी रुग्णालयं ज्या कायद्याखाली नोंदवली जातात तो १९४९ चा आहे. मूळ नाव मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, आता महाराष्ट्र. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्याकडे राज्य चालतं ते याच जुन्या कायद्याचं. नोंदणी महापालिका करते. उपनगरात तुमच्या वॉर्ड ऑफिसात बसणारे आरोग्य अधिकारी, ज्यांना सगळे ‘एमओएच’ म्हणतात, ते याचे प्रत्यक्ष पाहणारे. अंधेरीसाठी के-पूर्व आणि के-पश्चिम, बोरिवलीसाठी आर-मध्य, मुलुंडसाठी टी, घाटकोपरसाठी एन. मोठ्या हॉस्पिटलविरुद्ध तक्रार कुठे करायची, असं विचारणाऱ्याला मी ‘आधी वॉर्ड ऑफिस’ म्हणते, तेव्हा समोरच्याचा विश्वास बसत नाही. त्यांच्या लेखी वॉर्ड ऑफिस म्हणजे पाणी आणि कचरा.

या १९४९ च्या कायद्यात परिचारिकांचा उल्लेख आहे. परिचर्या करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचं प्रमाण योग्य हवं, नसेल तर नोंदणी नाकारता येते, अशा अर्थाचं कलम त्यात आहे. पण योग्य म्हणजे किती, हे त्यात नाही. त्या मोकळ्या जागेत काय काय मावलं याचा पुरावा आपल्याच पूर्व उपनगरांतला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, उच्च न्यायालयातल्या एका याचिकेनंतर नेमलेल्या समितीच्या कामात सुनील नंदराज यांनी मुंबईच्या पूर्व भागातल्या २४ खासगी रुग्णालयांची पाहणी केली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९९४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. राहत्या इमारतींतली रुग्णालयं, स्ट्रेचर वळणार नाही असे बोळ, शिक्षण न झालेल्या ‘नर्स’. तो लेख मी निवृत्तीनंतर वाचला आणि पहिल्या दोन पानांतच आमचा तो पहिला मजला ओळखीचा वाटला. आमचं नर्सिंग होम त्या चोवीसांत होतं का, कोण जाणे.

मग बिलासाठी अडवण्याचा प्रश्न. हाही उपनगरातूनच न्यायालयात गेला. अंधेरी पूर्वेला मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात आपल्या भावाला बिलावरून अडवून ठेवलं, अशी तक्रार घेऊन एक नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेला. ती जनहित याचिका काही वर्षं चालली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिचा निकाल लागला. बिल भरलं नाही म्हणून रुग्णाला अडवून ठेवणं बेकायदा आहे, हे न्यायालयाने स्वच्छ सांगितलं. मात्र सगळ्या रुग्णालयांसाठी नियमावली स्वतः घालून द्यायला नकार दिला. ते काम सरकारचं आणि विधिमंडळाचं, असं म्हणून रुग्णांचे कायदेशीर हक्क लोकांना कळतील असे जाहीर करायला आरोग्य खात्याला सांगितलं.

यातला कायद्याचा मुद्दा साधा आहे. बिल हे कर्ज आहे. कर्ज वसूल करायला दिवाणी न्यायालय आहे, नोटीस आहे, हप्ते आहेत. सोनार गहाण ठेवलेली वस्तू अडवू शकतो, पण माणूस गहाण पडत नाही. खोलीबाहेर जाऊ न देणं म्हणजे दंडसंहितेतला अन्यायाने अटकाव करण्याचा गुन्हा. पूर्वी भारतीय दंडसंहितेचं कलम ३४२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १२७ आहे, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. हा गुन्हा दारात उभं राहणाऱ्याच्या हातून घडतो. म्हणजे १९८६ साली तो माझ्या हातून घडत होता. आदेश देणारेही त्यात येतात, पण पोलिस आले असते तर त्यांना पहिली दिसले असते मी.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सतरा कलमी सनद तयार केली. रुग्णाला डिस्चार्ज घेण्याचा आणि नातेवाइकांना मृतदेह मिळण्याचा हक्क तिच्यात वेगळा लिहिला आहे. २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे पाठवली. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम दुरुस्त केले आणि पहिल्यांदाच रुग्ण हक्कांची सनद राज्याच्या नियमांत आली. सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, आणि तक्रारींसाठी महापालिकेसारख्या स्थानिक प्राधिकरणाने कक्ष आणि टोल फ्री क्रमांक ठेवायचा. बाह्यरुग्ण विभागात गेलात तर भिंतीकडे एकदा नजर टाका. मी जिथे जाते तिथे बघते. कुठे सनद काचेत असते, कुठे कुंडीच्या मागे. एका ठिकाणी तिच्यावर हेल्थ चेकअपच्या सवलतीचं पोस्टर चिकटवलेलं होतं.

शनिवारी येणाऱ्या लोकांत सगळ्यात जास्त विचारणा असते कागदांची. “फाइल देत नाहीत हो सिस्टर.” इथे नियम फार स्पष्ट आहे आणि तो जुना आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले की ७२ तासांत द्यायचे. तोंडी मागू नका. दोन प्रतींत अर्ज करा, एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. ७२ तास त्या पोचेपासून मोजता येतात, नाहीतर ‘उद्या या’ला अंत नाही.

या कागदांचं महत्त्व पुढे कळतं. १९९५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. तेव्हा डॉक्टरमंडळींत केवढा क्षोभ झाला होता, ते मला आठवतं. आता उपनगरातल्या रुग्णाला वांद्रे पूर्वेच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षं. ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच सगळं मोफत मिळतं ते या कायद्याबाहेर राहतं. पण काहींकडून पैसे आणि काहींना फुकट असं असेल, तर फुकट उपचार घेतलेल्यालाही दाद मागता येते. पोलिसांकडे जायचं तर वाट अरुंद आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि डॉक्टरवर कारवाईआधी तटस्थ तज्ज्ञाचं मत घ्यावं. पुष्कळ नातेवाइकांना हे डॉक्टरांना दिलेलं अभय वाटतं. मला तसं वाटत नाही. रात्री तीन वाजता रक्तस्राव थांबवताना ज्याच्या डोक्यात पोलिस ठाणं असेल, तो डॉक्टर रुग्णाला हात लावण्याऐवजी पुढच्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहील. १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने प्रत्येक डॉक्टरवर, सरकारी असो वा खासगी, तातडीच्या रुग्णाला आधी वाचवण्याचं बंधन घातलं, ते नेमकं या चिठ्ठीसाठी.

डिपॉझिटचं वेगळं सांगायला हवं, कारण उपनगरांतली कित्येक मोठी, चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय न्यास आहेत आणि हे तिथे जाणाऱ्यांच्या गावीही नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलांच्या रकमेतले दोन टक्के वेगळ्या निधीत. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून आधी स्थिर करायचं, हेही त्यात आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर दहा लाखांच्या डिपॉझिटची बातमी राज्यभर गाजली, तेव्हा ही योजना अनेकांना पहिल्यांदा कळली. रुग्णालयात विचारायचं ते समाजसेवा अधिकाऱ्यांना. कॅश काउंटरवरच्या मुलाला विचारून उपयोग नाही. त्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं, आणि शिकवलं तरी स्वतःच्या जोरावर डिपॉझिट माफ करण्याची त्याची हिंमत नसते.

आता त्या मुलाकडे आणि त्या मावशींकडे वळते.

रुग्णालयातला कामगार हा कायद्याने कामगार आहे का, हा वाद मुंबईतच सुरू झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत जे. जे. समूह रुग्णालयांतल्या दोन वॉर्ड सर्व्हंट बायकांना कामावरून कमी केलं. नागरी पुरवठा खात्यातून कमी झालेल्या लोकांची सोय करायची होती. नुकसानभरपाई दिली नव्हती. हॉस्पिटल मजदूर सभा त्यांच्या बाजूने लढली. रुग्णालय हा काही धंदा नाही, तिथे औद्योगिक विवाद कायदा कसा लागेल, असा सरकारचा सवाल होता. २९ जानेवारी १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं आणि रुग्णालय या कायद्याच्या अर्थाने उद्योग ठरतं असा निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. १९७० मध्ये सफदरजंग खटल्यात हा निकाल फिरला, १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांनी तो पुन्हा उभा केला. १९८२ मध्ये संसदेने रुग्णालयांना वगळणारी दुरुस्ती केली, पण ती लागू झालीच नाही. एवढी उलथापालथ दोन झाडूवाल्या बायकांच्या नोकरीवरून झाली, हे आमच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मला कुणी शिकवलं नाही.

कामाच्या तासांचंही असंच. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा खासगी रुग्णालय, दवाखाना, प्रसूतिगृह यांना आस्थापना मानतो. मूळ कायद्यात दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, आणि वर काम केलं तर दुप्पट दराने पैसे. उपनगरातल्या नर्सिंग होममध्ये बारा तासांची रात्रपाळी ही मात्र ‘पद्धत’ आहे. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग कामाचे तास साधारणपणे बारांवर जाऊ नयेत असं लिहिलं आहे. कुठल्याही निवासी डॉक्टरपुढे हे वाक्य वाचून बघा, तो हसेल. परिचारिकांचा मापदंड सर्वसाधारण वॉर्डात पाच खाटांमागे एक आहे. मी महापालिकेत एका रात्रीत बेचाळीस रुग्ण सांभाळले आहेत, त्यात नऊ जमिनीवर होते. त्या रात्री एकाचं सलाइन संपून नळीत रक्त चढलं. त्याच्या बायकोने माझ्यावर जो शब्द फेकला तो मी इथे लिहीत नाही. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. माझं चुकलं असंही वाटलं नव्हतं.

पगाराचं तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिने सांगितलं की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतका पगार हवा, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान वीस हजार. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे, तो राज्यांनी करायचा होता. केरळने २०१८ मध्ये वीस हजारांचं किमान वेतन अधिसूचित केलं. आपल्याकडे संघात येणाऱ्या मुली अजून सांगतात त्या आकड्यांत कांदिवलीत खोलीसुद्धा भाड्याने मिळत नाही. बाँड आणि अडकवलेली प्रमाणपत्रं यांविरुद्ध मुंबईतल्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका २०११ मध्ये संपावर गेल्या, तेव्हा मी पालिकेत सुखरूप होते. पण वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून मी ठेवला आहे.

मारहाणीचा कायदा लोकांना ठाऊक असतो, कारण त्याचे फलक मोठे असतात. महाराष्ट्राने २०१० मध्ये तो केला. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, इतर आरोग्य कर्मचारी यांच्यावर हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि मोडतोड केलेल्या वस्तूंच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली. पाठोपाठ मुंबईतही प्रकार घडले. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, आणि उच्च न्यायालयात प्रकरण जाऊन रुग्णालयांत सुरक्षा बलाचे जवान आले. रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास, ही शिस्त तेव्हापासूनची.

याच २०१० च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी फलकावर नसते. वैद्यकीय निष्काळजीपणा किंवा गैरव्यवस्थेचा त्रास झालेल्यांची गाऱ्हाणी ऐकायला आणि त्यांना योग्य ठिकाणी दाद मागायचा सल्ला द्यायला राज्य सरकारने एक प्राधिकरण नेमावं. त्यात वैद्यक, कायदा, ग्राहक चळवळ यांतली जाणती माणसं असावीत. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं की दीर मावशींना ढकलतो, कारण त्याचं ऐकणारा दुसरा कुणी त्या इमारतीत नसतो. शिक्षेचा भाग फलकावर चढला, ऐकण्याचा भाग पुस्तकात राहिला. माझ्या मते या कायद्याचं हे दुसरं अंग पहिल्याइतकंच मोठ्या अक्षरांत दारावर लागायला हवं, आणि ते लावायची मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी करायला हवी. मार त्यांना बसतो.

स्त्री कर्मचाऱ्यांबद्दल एकच सांगते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग केईएमच्या तळघरात कपडे बदलायला गेल्या आणि त्यांच्यावर हल्ला झाला. बेचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होत्या आणि परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची केली. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये मावशी, रिसेप्शन, फार्मसी धरून दहा माणसं सहज होतात. समितीवर कोण आहे, असं मी मुलींना विचारते, तेव्हा बहुतेकींना समिती म्हणजे काय हेच माहीत नसतं.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांबरोबर बोरिवलीच्या एका खासगी रुग्णालयात गेले होते. त्यांच्या आईची फाइल हवी होती. अर्ज दोन प्रतींत नेला. रिसेप्शनवरच्या मुलीने आधी “मॅडम मीटिंगमध्ये आहेत” म्हटलं, मग “पोच देत नाही आम्ही”. मी सनदेकडे बोट दाखवलं, आणि ती काही बोलायच्या आत म्हणाले, “बाळ, तू पोच दिलीस म्हणून तुला कुणी बोललं, तर माझा नंबर लिहून ठेव. मी सिस्टर होते.” तिने इकडेतिकडे पाहिलं, शिक्का मारला, वेळ घातली : सकाळी ११.४०. तिसऱ्या दिवशी फाइल मिळाली.

आम्ही लिफ्टपाशी पोचलो तेव्हा ती मागून धावत आली. तिची बहीण त्याच रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिची सर्टिफिकेट्स ऑफिसात आहेत आणि तिला सरकारी भरतीचा फॉर्म भरायचा आहे.

“ती मागता येतात का हो?”

मी तिला बहिणीला घेऊन शनिवारी यायला सांगितलं. अर्ज दोन प्रतींत लागेल, हेही सांगितलं.